केसपेपर फुकट झाला, धाक गेला नाही

१५ ऑगस्ट २०२३ पासून राज्याच्या सार्वजनिक आरोग्य विभागाच्या दवाखान्यांत केसपेपरसुद्धा फुकट झाला. निर्णय चांगला होता, उशिरा का होईना झाला. बाळंतपणांचे आकडेही सुधारले आहेत. राष्ट्रीय कुटुंब आरोग्य पाहणीच्या पाचव्या फेरीत, म्हणजे २०१९ ते २०२१ या काळात, महाराष्ट्रातली ९४.७ टक्के बाळंतपणे दवाखान्यात झाल्याचे दिसले. पैसा लागत नाही, १०८ ला फोन केला की रुग्णवाहिका निघते. तरीही काही माणसे दवाखान्याची पायरी चढत नाहीत, आणि चढलीच तर अर्ध्या उपचारातून निघून जातात. त्यांच्याविषयी आरोग्य खात्यापासून चहाच्या टपरीपर्यंत एकच उत्तर तयार असते : ते लोक अडाणी, अंगारे-धुपारे करणारे, सांगून ऐकत नाहीत. या उत्तराची मोठी सोय अशी की चूक दर वेळी रुग्णाचीच निघते. माझे म्हणणे याच्या उलट आहे. दवाखान्यात आपण सुरक्षित आहोत की नाही, हे ठरवण्याचा अधिकार तिथे येणाऱ्या माणसाचा आहे. त्याचे उत्तर ‘नाही’ असेल, तर खाटा अपुऱ्या असणे किंवा औषधे संपणे हा जसा दवाखान्याच्या कामातला दोष धरतो, तसाच हाही धरला पाहिजे.

आदिवासींचे आरोग्य म्हटले की आपल्या डोळ्यांसमोर मेळघाट, धडगाव, भामरागड येते. सोलापूर जिल्हा या चित्रात कुठेच नसतो. जिल्ह्यातले एकही गाव अनुसूचित क्षेत्रात नाही, आणि २०११ च्या जनगणनेत जिल्ह्याच्या ४३ लाख लोकसंख्येत अनुसूचित जमातींचा वाटा दोन टक्क्यांच्याही खाली होता. पण याच जिल्ह्यातले कुर्डुवाडी हे जंक्शनचे गाव. पुणे, सोलापूर, पंढरपूर-मिरज आणि बार्शी-लातूर अशा चारही वाटा इथे मिळतात. बार्शी लाइटची नॅरोगेज गाडी १८९७ साली इथूनच बार्शीला निघाली, आणि तेव्हा या स्टेशनचे नावच बार्शी रोड होते. अशा गावाच्या सरकारी दवाखान्यात फक्त माढा तालुक्यातले रेशनकार्डवाले येत नाहीत. आषाढीला वारकरी येतात, कारखान्यांच्या हंगामात मराठवाड्यातल्या ऊसतोडीच्या टोळ्या येतात, आणि गावाबाहेर माळावर पालं टाकून राहणारी पारधी, कैकाडी माणसेही याच दवाखान्याच्या हद्दीत असतात. यांतले फासेपारधी राज्याच्या अनुसूचित जमातींच्या यादीत आहेत. कैकाडी विदर्भात अनुसूचित जातीत मोडतात आणि उरलेल्या महाराष्ट्रात विमुक्त जातीत. जिल्हा ओलांडला की सरकारदरबारी माणूस बदलतो! ज्या कुटुंब आरोग्य पाहणीचा आकडा वर दिला, तिच्यात अनुसूचित जाती, जमाती आणि इतर मागास असे गट आहेत, विमुक्त-भटक्यांचा वेगळा गटच नाही. म्हणजे ९४.७ टक्क्यांत पालावरच्या बाया किती, हे त्या पाहणीतून कोणालाच सांगता येणार नाही. आदिवासी भागासाठी १९९५ पासून नवसंजीवन योजना आहे, तीही क्षेत्र पाहून चालते. यादीत आदिवासी आणि नकाशात बिगर-आदिवासी, अशा फटीत सोलापूरचा पारधी सापडला आहे.

त्याचा धाक कुठून आला, हे समजायला फार लांब जावे लागत नाही. इंग्रज सरकारने १८७१ मध्ये गुन्हेगार जमाती कायदा केला आणि १९११ च्या सुधारित कायद्यानंतर तो मुंबई इलाख्यालाही लागू झाला. जन्माने गुन्हेगार ठरलेल्या जमातींना कुंपणात ठेवायच्या वसाहती उभ्या राहिल्या, त्यांतली एक मोठी सोलापुरात होती. आतल्या लोकांनी गिरण्यांत राबायचे आणि हजेरी द्यायची. सोलापुरात ‘सेटलमेंट’ हे नाव आजही त्या भागाला आहे. ३१ ऑगस्ट १९५२ रोजी कायदा रद्द झाला, पण १९५९ मध्ये मुंबई राज्याने सराईत गुन्हेगारांचा कायदा आणला आणि पोलिसांची नजर जिथल्या तिथे राहिली. अगदी ३ ऑक्टोबर २०२४ रोजी सर्वोच्च न्यायालयाला तुरुंगाच्या नियमावल्यांतली विमुक्त जमातींना सराईत गुन्हेगार धरणारी कलमे घटनाबाह्य ठरवावी लागली. तुरुंगांच्या नियमांत जे २०२४ पर्यंत लेखी टिकले, ते दवाखान्यातल्या माणसांच्या मनातून १९५२ लाच गेले असेल असे मानायला फार भाबडेपणा लागतो.

आता दवाखान्याचा दर्शनी भाग त्या नजरेने पाहा. टेबलामागे बसलेला माणूस नाव, बापाचे नाव, वय, गाव विचारतो. गाव कोणते सांगायचे? पाल आज या माळावर आहे, महिन्याने दुसरीकडे असेल. आधार आहे का? बरोबर कोण आलेय? मार लागलेला असेल तर : कोणी मारले, कशाने मारले, कुठे होतास? हा शेवटचा प्रश्न डॉक्टरला विचारावाच लागतो, कारण मारहाणीची केस म्हणजे एमएलसी (मेडिको-लीगल केस) आणि एमएलसी म्हणजे पोलिसांना कळवणे. शेतकऱ्याच्या लेखी हा कंटाळवाणा सोपस्कार असतो. पारध्याच्या लेखी हीच प्रश्नावली ठाण्यातली असते, त्याच क्रमाने आणि पुष्कळदा त्याच सुरात. आधी उपचार, मग पोलिसी सोपस्कार, हे परमानंद कटारा खटल्यात सर्वोच्च न्यायालयाने १९८९ मध्ये सांगून ठेवले आहे. पण जो माणूस एमएलसीच्या भीतीने आलाच नाही, त्याला त्या निकालाचा उपयोग काय? वॉर्डात पोचल्यावर शेजारच्या खाटेवरच्या बाया पिशव्या उशाशी ओढून घेतात, ‘एकानेच थांबा, बाकीचे बाहेर’ असा हुकूम सुटतो. आपसात बोललेली पारधी बोली इतरांना कळत नाही, म्हणून तीही संशयास्पद ठरते. कोणी शिवी दिलेली नसते, उपचार नाकारलेला नसतो. तक्रार करावी असे काही घडलेलेच नसते, आणि दुसऱ्या दिवशी सकाळी खाट रिकामी असते.

त्या रिकाम्या खाटेची नोंद कशी होते, हे पाहण्यासारखे आहे. रुग्ण सही किंवा अंगठा देऊन गेला तर ‘डामा’, म्हणजे डॉक्टरी सल्ल्याविरुद्ध गेला. न सांगता गेला तर ‘ॲब्स्कॉन्डेड’. फरारी आरोपीसाठी पोलिसांचा जो शब्द, तोच! हे शेरे दवाखान्याच्या बचावासाठी असतात. पुढे काही बरेवाईट झाले तर जबाबदारी आमची नाही, एवढाच त्यांचा अर्थ. ही नोंद उलटी वाचायला हवी. शंभर दाखल रुग्णांतले किती अर्धवट गेले, त्यांतले पालावरचे किती, कोणत्या वेळी गेले, कोणत्या प्रसंगानंतर गेले, हे मोजले तर दवाखान्याविषयीचा याहून प्रामाणिक अभिप्राय मिळणार नाही. कागद आहे, शेरा आहे. त्याची बेरीज करून महिन्याच्या आढाव्यात मांडायला एक पैसा लागत नाही.

सेवा सुरक्षित आहे की नाही हे रुग्णाने ठरवावे, हा विचार जगात नवा नाही. न्यूझीलंडमध्ये इरिहापेटी रॅम्सडेन या माओरी परिचारिकेने १९८० च्या दशकाच्या शेवटी तो मांडला. माओरींच्या चालीरीतींचे धडे परिचारिकांना पाठ करून घेण्याला तिचा विरोधच होता. परिचारिकेने आधी स्वतःकडे पाहावे, आपल्या हातात किती सत्ता आहे आणि आपण कोणते पूर्वग्रह घेऊन खाटेजवळ उभ्या आहोत हे ओळखावे, आणि आपली सेवा सुरक्षित होती की नाही याचा निवाडा रुग्णाने करावा, असे ती म्हणाली. १९९२ मध्ये तिथल्या नर्सिंग कौन्सिलने हा विषय अभ्यासक्रमात घातला. वर्तमानपत्रांत गदारोळ झाला, प्रकरण संसदेच्या समितीपर्यंत गेले, तरी विषय टिकला. तो नसला तर काय होते, हे कॅनडाने २८ सप्टेंबर २०२० रोजी पाहिले. क्यूबेकमधल्या जोलिएटच्या रुग्णालयात जॉयस एशाक्वान ही अतिकामेक आदिवासी बाई खाटेवर विव्हळत होती आणि कर्मचारी तिला टाकून बोलत होते. ते तिने मोबाइलवरून थेट प्रसारित केले, आणि थोड्या वेळाने ती मेली. पूर्वग्रह आणि वर्णद्वेष तिच्या मृत्यूला कारणीभूत ठरल्याचे सरकारी चौकशीत निष्पन्न झाले. ते प्रसारण नसते तर ती चौकशी झाली असती का, याची शंका वाटते.

न्यूझीलंड सोडा, आपल्याच राज्यात याचा पुरावा आहे. डॉ. अभय आणि राणी बंग यांनी १९८६ मध्ये गडचिरोलीत ‘सर्च’ ही संस्था सुरू केली तेव्हा त्यांनी गोंडांना विचारले, तुम्ही सरकारी दवाखान्यात का जात नाही? इमारतीची भीती वाटते, पांढऱ्या डगल्यातली माणसे आपली बोली बोलत नाहीत, नातेवाइकांना बाहेर काढतात आणि आजारी माणूस एकटा पडतो, अशी उत्तरे आली. यात पैशाची किंवा अंतराची तक्रार नाही. शोधग्राम या ‘सर्च’च्या आवारातले रुग्णालय मग गोंडांच्या वस्तीसारखे बांधले गेले : झोपडीवजा वॉर्ड, नातेवाइकांना सोबत राहायची मुभा, आणि नाव माँ दंतेश्वरीचे. पुढे त्यांनी गावातल्याच बायांना नवजात बाळाची काळजी घ्यायला शिकवले. अर्धशिक्षित बाई इंजेक्शन देणार म्हटल्यावर डॉक्टरमंडळींनी नाके मुरडली होती. १९९९ मध्ये ‘लॅन्सेट’मध्ये निष्कर्ष छापून आले : नवजात बालमृत्यू ६२ टक्क्यांनी घटले होते. आज देशभरातल्या आशा सेविका घरी जाऊन बाळ बघतात त्याचे मूळ इथे आहे. ६२ टक्क्यांचे श्रेय नुसत्या आपलेपणाला देता येणार नाही. शास्त्रशुद्ध प्रशिक्षण आणि औषध त्यात होतेच. पण तेच औषध अनोळखी हातात असते, तर त्या हाताला बाळाला शिवू दिले असते का, हा प्रश्न उरतो. १९७३ पासून हेमलकशात डॉ. प्रकाश आणि मंदाकिनी आमटे यांनी आधी माडिया बोली शिकून घेतली, तीही हौस म्हणून नव्हे. खुद्द डॉ. अभय बंग यांच्या अध्यक्षतेखालच्या केंद्रीय तज्ज्ञ समितीने २०१८ मध्ये देशाच्या आदिवासी आरोग्याचा अहवाल दिला. त्याची अंमलबजावणी किती झाली, हा वेगळ्या आणि कडू लेखाचा विषय आहे.

या मागणीवर तीन-चार हरकती येतात आणि त्या पोकळ नाहीत. पहिली हरकत कामाच्या ताणाची. ओपीडीला रांग लागलेली असताना, रिक्त जागा भरलेल्या नसताना, एका डॉक्टरने प्रत्येकाच्या मनातले ओळखत बसावे का? ताण खरा आहे. पण ज्या रुग्णाला आज दोन मिनिटे नीट वागवले नाही तो टळत नाही, सेप्टिक होऊन रात्री दोनला परत येतो आणि मग सगळा स्टाफ त्याच्यामागे धावतो. शेजारच्या बार्शीत १९८७ मध्ये देशातली पहिली ग्रामीण कर्करोग नोंदणी सुरू झाली. नोंदणी करणाऱ्यांनी रुग्ण दवाखान्यात येण्याची वाट पाहिली नाही. शिकवून तयार केलेले कार्यकर्ते गावोगाव जाऊन बसले, बोलले, ओळख वाढवली, मग नोंदी केल्या. ओळख वाढवणे हा तिथे कामाचाच भाग धरला होता.

दुसरी हरकत समतेची : ‘आम्ही सगळ्यांना सारखेच वागवतो, जात विचारून वेगळी वागणूक द्यायची का?’ मुळीच नाही. केसपेपरवर जातीचा शिक्का मारा असे कोणी म्हणत नाही. पारध्यांनी तो शिक्का पुरेसा भोगला आहे. पण ‘गाव कोणते’ हा एकच प्रश्न सगळ्यांना सारखा विचारला, तरी ज्याला गाव आहे आणि ज्याला नाही त्या दोघांवर त्याचा परिणाम सारखा होत नाही. जन आरोग्य योजना कागदावर सर्वांसाठी खुली झाली तरी रेशनकार्ड, ओळखपत्राची खिडकी आहेच. आणि विमुक्त-भटक्यांतल्या मोठ्या संख्येकडे असे कागदच नाहीत, हे रेणके आयोगाने २००८ मध्येच सांगितले होते.

तिसरी हरकत सर्वांत वजनदार आहे. संस्कृतीचा मान राखायचा म्हणून मेळघाटात बाळाच्या फुगलेल्या पोटाला तापल्या विळ्याचे चटके देतात ते चालू द्यायचे? गडचिरोलीत पाळीच्या दिवसांत बाईला कुर्माघरात बसवतात तेही चालू द्यायचे? नाही. चटके देणे हा बाळावरचा अत्याचार आहे आणि तो थांबलाच पाहिजे, यात मऊ बोलायचे कारण नाही. पण तो थांबवायचा तर त्या आईने पुढच्या खेपेला बाळ आपल्याकडे आणले पाहिजे. पोटावरचे डाग पाहून डॉक्टर सर्वांदेखत तिच्यावर खेकसला, तर ती चटके देणे सोडणार नाही, बाळ दाखवणे सोडेल. प्रथेशी भांडायचे असेल तर आधी माणूस समोर बसायला हवा. आणि घातक प्रथा फक्त पालावर असतात असेही नाही. २०१९ मध्ये डॉ. नीलम गोऱ्हे यांच्या समितीच्या चौकशीत बीड जिल्ह्यातल्या ८२,३०९ ऊसतोड कामगार बायांची पाहणी झाली. त्यांतल्या १३,८६१ जणींची गर्भाशये काढलेली निघाली. अंगावर पांढरे जाते या तक्रारीवर कॅन्सरची भीती घालून पिशवी काढून टाकायची, हा शिकल्यासवरल्या डॉक्टरांचा उद्योग होता. या बाया दवाखान्यात पोचल्या होत्या, पैसेही मोजले होते. त्यांना नीट समजावून विचारावे इतकी त्यांची किंमत कोणाला वाटली नाही, एवढेच. याच टोळ्या दर हंगामात माढा तालुक्यातल्या फडांवर येतात.

डॉक्टरांच्या सुरक्षिततेचे काय, असेही विचारले जाते. रास्त आहे. दवाखान्यावरच्या हल्ल्यांविरुद्ध राज्याने २०१० मध्ये कायदा केला, तो हवाच होता. रुग्णांच्या बाजूने २०२१ च्या सुधारित नर्सिंग होम नियमांत हक्कांची सनद आली. ती खासगी दवाखान्यांच्या भिंतीवर लावलेली असते आणि ज्याला वाचता येत नाही त्याच्यासाठी भिंतीवरच राहते. वैद्यकीय शिक्षणात २०१९ पासून वागणूक आणि संवाद हा विषय सक्तीचा झाला आहे. पण धडा गिरवून मन बदलते या भरवशावर फार राहू नये. त्याच वर्षी २२ मे रोजी मुंबईच्या नायर रुग्णालयात स्त्रीरोग विभागात शिकणाऱ्या डॉ. पायल तडवी यांनी आयुष्य संपवले. त्या तडवी भिल्ल समाजाच्या होत्या. वरिष्ठ सहकाऱ्यांनी जातीवरून छळल्याचे आरोप झाले, खटला उभा राहिला. न्यायालय काय ते ठरवील. पण ॲप्रन घातलेल्या आदिवासी मुलीलाही जिथे सुरक्षित वाटले नाही, तिथे पदर खोचून रांगेत उभी असलेली पारधीण निर्धास्त असावी, ही अपेक्षा कशाच्या जोरावर करायची?

करायचे काय, तर फार मोठे काही नाही. आशा सेविकेची निवड गावातून होते आणि शिक्षणाची अट असते. पारधी वस्ती गावात धरलीच जात नाही, त्यामुळे तिथली बाई कधी आशा होत नाही. गडचिरोलीचा अनुभव पाहता ही अट वस्तीपुरती शिथिल करून तिथल्याच बाईला शिकवून घेतले, तर निम्मे काम तिथेच होईल. पत्ता नाही, कार्ड नाही म्हणून केसपेपर अडणार नाही, असा लेखी आदेश खिडकीवर लावावा. एमएलसीत पोलिसांना कळवणे कायद्याने आवश्यक आहे, पण जखमेला टाके पडण्याआधी पोलिसाने रुग्णाच्या खाटेशी उभे राहणे आवश्यक नाही. ते बंद करणे वैद्यकीय अधिकाऱ्याच्या हातात आहे. रात्री एका रुग्णासोबत दोन बाया थांबल्या तर आभाळ कोसळत नाही. पाळतीच्या भीतीने पिढ्यान्‌पिढ्या एकमेकांना धरून राहिलेल्या लोकांत एकटे पडणे म्हणजे काय, हे ‘एकानेच थांबा’ या नियमाच्या लेखकाला ठाऊक नव्हते.

यातले बहुतेक निर्णय मुंबईत व्हायची वाट पाहायचे कारण नाही. ग्रामीण रुग्णालयाला रुग्ण कल्याण समिती असते, तिच्या हाती थोडा निधी असतो आणि तीत लोकप्रतिनिधीही बसतात. त्यांची बैठक रंग-रंगोटी, इन्व्हर्टर आणि पाण्याच्या टाकीवर संपते. कुर्डुवाडीत, माढ्यात, बार्शीत, करमाळ्यात ज्यांची या समितीत ऊठबस आहे, त्यांनी पुढच्या बैठकीला दोनच गोष्टी कराव्यात : गेल्या वर्षभरात उपचार अर्धवट सोडून गेलेल्यांची यादी मागवावी, आणि पारधी वस्तीतली एक बाई समितीत सन्मानाने बसवून तिला विचारावे की हे लोक का गेले.